चुकून पडलेली स्पेस

हॉस्पिटलात तिला सगळे मुंगी म्हणायचे. अंगाने एवढीशी, आणि एका जागी स्वस्थ बसलेली कुणी कधी पाहिली नव्हती. तळमजल्यावर एक्स-रेच्या मागची सर्व्हरची खोली सतरा वर्षं तिच्या ताब्यात होती. खिडकी नाही, कायम गारठा, पंख्यांची घरघर. तिची बोटं इतकी भराभर चालायची की नेटवर्कवाला म्हणायचा, "बाई, आधी टाइप करतात आणि मग विचार करतात." ती हसायची. खोटं नव्हतं ते.

मंगळवारी सकाळी अकराला डिस्क भरत आली. पेशंटांच्या स्कॅनच्या फोल्डरात ‘जुने’ नावाचं एक फोल्डर होतं, तेवढंच पुसायचं होतं. फोनवर नवरा कपाटाची किल्ली शोधत होता. "फ्रिजवर बघ की," म्हणत तिने हुकूम टाइप केला आणि एंटर दाबलं.

फोल्डराच्या नावात ‘जुने’च्या आधी एक स्पेस पडली होती. मशीनला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या. सगळे स्कॅन पुसा, आणि ‘जुने’ नावाचं काही असलं तर तेही पुसा. ‘विचारत बसू नकोस’ हे तर तिने स्वतःच सवयीने हुकमात जोडलं होतं. काम दोन सेकंदांत व्हायला हवं होतं. दहा झाले तरी चालूच, तेव्हा तिने ते थांबवलं. पण तोवर नऊ हजार पेशंटांचे स्कॅन गेले होते.

त्याच वेळी वरच्या मजल्यावर एक कामगार ऑपरेशनच्या टेबलावर होता. कारखान्यातल्या प्रेसच्या यंत्रात त्याचा पाय मांडीपासून चिरडला होता. रक्तवाहिनी कुठे फाटली ते दाखवणारा स्कॅन सर्जनसमोरून नाहीसा झाला. खाली फोन वाजला.

"फोटो कुठे गेले?"

"मी पुसले. चुकून. वीस मिनिटांत परत आणते."

"वीस मिनिटं? इथे रक्त थांबत नाहीये!" फोन आदळला.

कोपऱ्यातल्या छोट्या मशीनवर सगळ्याची दुसरी प्रत होती. तिने त्या कामगाराचा स्कॅन आधी परत आणायला घेतला. पण तो येईपर्यंत वर सर्जनने अंदाजाने चिरलं, वाहिनी सापडेना, शेवटी जीव वाचवायला पाय कापला. व्हरांड्यात कुणीतरी बोललं, "कॉम्प्युटरवालीने फोटो उडवले." ते कामगाराच्या थोरल्या भावाने ऐकलं. तो वेल्डर होता, दाराएवढा रुंद.

तो सलाइनचा लोखंडी स्टँड घेऊन सर्व्हरच्या खोलीत घुसला. पहिल्या फटक्यात काचेचं दार फुटलं. दुसऱ्यात कपाटातला एक सर्व्हर वाकडा झाला आणि ठिणग्या उडाल्या.

"कोणी पुसलं?"

"मीच," ती म्हणाली. "पण कोपऱ्यातलं ते मशीन फोडू नका. सगळ्यांचे फोटो त्यातच उरलेत."

हे सांगणं म्हणजे बैलाला लाल फडकं दाखवणं झालं. तो तिकडेच वळला. मुंगी मध्ये घुसली. स्टँड तिच्या उजव्या हातावर बसला, हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. दुसरा फटका बोटांवर. तिसऱ्याने कान फाटला. ती हलली नाही. चौथ्यासाठी त्याने हात उचलला तेव्हा तिने टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलून त्याच्या मांडीत मुठीपर्यंत खुपसला. तो गुरासारखा ओरडून कोसळला.

मग रखवालदार आले. पडलेल्या माणसाला त्यांनी लाथांनी तुडवलं, त्याचे दात फरशीवर सांडेपर्यंत. "पुरे! मरेल तो!" मुंगी किंचाळली, तरी एकाने अजून एक घातलीच.

हाताला प्लास्टर घालेपर्यंतही तिने काम थांबू दिलं नाही. नेटवर्कवाल्याला खुर्चीवर बसवलं. "मी सांगते, तू टाइप कर. मोठ्याने वाच. स्पेससुद्धा वाच. मी म्हणेन तेव्हाच एंटर." संध्याकाळी सातपर्यंत सगळे स्कॅन परत आले. पुढे हॉस्पिटलात तोच नियम झाला. पुसायचं तर दोघांनी, आणि आधी काय काय जाणार त्याची यादी काढून.

प्रशासकांनी कागदावर ‘तांत्रिक बिघाड’ लिहायला सांगितलं. ती म्हणाली, "बिघाड माझ्या हातात होता, तसंच लिहा." त्यापायी तीन महिने घरी बसावं लागलं. आई म्हणाली, "हरिश्चंद्राची औलाद!" आणि तिला भरवत राहिली. पाय वाचला असता का, असं तिने सर्जनला विचारलं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. या तीन शब्दांनी तिची झोप उडाली.

वेल्डरला दोन महिने कैद झाली. सुटल्यावर महिनाभराने पुढच्या औषधांसाठी तो भावाला घेऊन आला, तेव्हा व्हरांड्यात ती दिसली. वेल्डर लंगडत होता.

"हात कसा आहे?" त्याने विचारलं.

"दोन बोटं वळत नाहीत. तुमची मांडी?"

"ठणकते." मग म्हणाला, "मी माफ केलेलं नाही."

"माफी तुमच्याकडे मागायची नव्हतीच. तुमच्या भावाकडे मागितली."

"काय म्हणाला?"

"भिंतीकडे तोंड फिरवलं त्यांनी."

वेल्डरने मान हलवली. आतून भावाने त्याला हाक मारली, तसा तो भिंत धरत, एकेक पाऊल टाकत आत गेला.