काकूंच्या घराची किंमत

आम्ही जुने अर्विंगकर कुठेही भेटलो, की पहिली पाच मिनिटं नोकरी, मुलं, व्हिसा. मग कुणीतरी म्हणतं, "यार, काकूंच्या घराचं सांग ना!" संपलं! माझी बायको उठून चहा टाकायला जाते, तिला सगळं पाठ आहे. किस्से म्हणजे गराजमधली खोकी. टाकू म्हटलं तरी टाकवत नाहीत, आणि दरवर्षी वाढतात ती वेगळीच.

टेक्सासमध्ये अर्विंगला काका-काकूंनी हौसेनं घर घेतलं आणि वर्षभरातच, २००२ साली, काकांची आयटीतली नोकरी गेली. घर टिकवायला वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. एक मला, नागपूरच्या; दुसरी पुण्याच्या मिलिंदला. कर्जाचा हप्ता तरी ठरलेला, पण तिथला प्रॉपर्टी टॅक्स सरकार घराची किंमत लावेल तसा वाढतो. "अजून वाढला तर घर विकायचं आणि चालू पडायचं," असं काका हसत म्हणायचे. काकू हसायच्या नाहीत.

*

तिथली चिकणमाती उन्हाळ्यात आक्रसते आणि घराचा पाया तडकतो. म्हणून पायाभोवती भोकांचा पाइप टाकून पाणी सोडायचं! हे काम भाडेकरूंचं.

एकदा आईचा नागपूरहून फोन आला. "काय करतोयस रे?"

"घराला पाणी घालतोय."

पलीकडे आईने टीव्ही बंद केला. मग हळूच म्हणाली, "बाळा, ऑफिसात काही त्रास आहे का?"

*

खोल्या भाड्याने द्यायच्या तर नोंदणी करायची आणि घराची तपासणी करून घ्यायची, असा नियम निघाला. आता काकूंनी फोडणी टाकली की किचनमधला स्मोक अलार्म बोंबलायचा. म्हणून त्याला हॉटेलातली शॉवर कॅप घालून ठेवलेली! इन्स्पेक्टर दारात आला आणि मिलिंदने वर पाहिलं. कॅप तशीच! पठ्ठ्याने स्टुलावर चढून ती ओढली आणि खिशात कोंबली.

इन्स्पेक्टरला संशय आलाच. "चालतो का हा?"

काकू शेगडीकडे वळल्या. कढईत तेल तापलेलंच होतं. मोहरी, हिंग आणि वर मूठभर लाल मिरच्या! अलार्म असा कोकलला की शेजारचं कुत्रं रडायला लागलं. इन्स्पेक्टर खोकत खोकत बाहेर पळाला आणि लॉनवरूनच ओरडला, "पास! पास!"

*

मग टॅक्सची नोटीस आली. घराची किंमत भलतीच वाढवलेली. तिथे याविरुद्ध प्रोटेस्ट करता येतो. ऑफिसात जाऊन पटवायचं, की आमचं घर इतकं काही चांगलं नाही हो! आम्ही काकांकडून तालीम करून घेतली. भिंतीतल्या भेगांचे फोटो काढले. "काकू, तुम्ही फक्त गप्प बसायचं," मिलिंदने बजावलं.

काका फक्कड बोलले. भेगा दाखवल्या, गळकं छप्पर सांगितलं. समोरची बाई पार विरघळली. "अरेरे! अशा घरात तुम्ही राहता तरी कसे?"

झालं! काकू ताडकन उठल्या. "एक्सक्यूज मी! सकाळचं ऊन थेट आमच्या देवघरात येतं! किचनमध्ये चार बायका एकदम पोळ्या लाटतील! असं हवेशीर घर अख्ख्या गल्लीत दाखवा!"

बाईने हसत हसत किंमत होती तशीच ठेवली.

परतताना घर जवळ आल्यावर काकू म्हणाल्या, "मी बोलायला नको होतं."

काका म्हणाले, "खोटं कुठे बोललीस?"

*

त्यानंतर काका रोज वर यायला लागले. हातात शिऱ्याची बशी. "खा रे पोरांनो." मग छताकडे बघायचे, घसा खाकरायचे, "एसी ठीक आहे ना?" विचारायचे आणि खाली जायचे. भाडं वाढवल्याशिवाय घर राहत नाही, हे आम्हालाही कळत होतं. पण माणूस पडला भिडस्त!

शेवटी मिलिंदच म्हणाला, "काका, भाडं वाढवा, घर विकू नका. पण हा शिरा आवरा, पँटा होईनात!"

काका हसता हसता जिन्यातच बसले आणि डोळे पुसत राहिले. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू!

*

पुढे काकांना नोकरी लागली. मी लग्न करून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आलो. २००८ मध्ये घरांचे भाव कोसळत होते, तेव्हा त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. नेमकी टॅक्सची नोटीस आली. किंमत चक्क उतरलेली, म्हणजे टॅक्सही कमी! गल्ली खूश. काकांनी जिलबी आणली.

काकूंनी कागद वाचला, चष्मा काढला. "एवढीच? आपल्या घराची?" जिलबीला हात न लावता आत निघून गेल्या.

सकाळी बघतो तर काका मागच्या प्रोटेस्टचाच कोट घालून दारात उभे. "गाडी काढ. प्रोटेस्ट करायचाय."

"अहो काका, किंमत कमी झालीय! आता कसला प्रोटेस्ट?"

काकांनी गाडीकडे बोट दाखवलं. नवी साडी नेसून काकू मागच्या सीटवर आधीच बसलेल्या. काच खाली करून म्हणाल्या, "अहो, ते भेगांचे फोटो तेवढे घरीच ठेवा!"