धरलेली जागा

सिंगापूरमध्ये बाहेर जेवायचं असेल तर आधी जागा धरायची आणि मग रांगेत उभं राहायचं. जागा धरायला टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवलं की झालं. भर दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, पाय ठेवायला जागा नसते, पण त्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. इथे सेरंगूनला राहून मला सतरा वर्षं झाली. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, टिश्यूची चार पाकिटं असतातच. तेव्हा आम्ही फ्रान्सला चालायला गेलो असताना एका खेड्यात सकाळी कॅफेबाहेर एकच टेबल रिकामं दिसल्यावर मी काय केलं, ते वेगळं सांगायला नको. पाकीट ठेवलं आणि नवऱ्याला घेऊन आत कॉफी सांगायला गेले. बाहेर येऊन बघतो तर दोन म्हातारे तिथे ऐसपैस बसलेले. एकाने उठून अगदी अदबीने माझं पाकीट माझ्या हातात ठेवलं. बाईंचं काहीतरी राहून गेलंय, अशी त्याची समजूत.

नवरा हसून हसून बेजार झाला. मी त्याच्याकडे बघत होते ते वेगळ्याच कारणाने. म्हटलं, इतकं हसून याला धाप तर लागणार नाही?

तेव्हा माझं हे असंच चाललेलं असायचं. त्याच्या दीड वर्ष आधी त्याला ऑफिसात हार्ट अटॅक आला होता. संध्याकाळची वेळ. त्याने मला दोनदा फोन केला होता आणि मी मीटिंगमध्ये फोन सायलेंटवर ठेवून बसले होते. मी हॉस्पिटलात पोचले तोवर स्टेंट घालूनही झाला होता. त्या न उचललेल्या फोनांवरून त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

मग मी त्याच्या मागेच लागले. बाथरूममध्ये जरा वेळ लागला की दार वाजवायचे. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल चाला, काही बंधन नाही. सिंगापुरात डोंगर नाहीत, म्हणून चढाचा सराव आम्ही आमच्या ब्लॉकच्या जिन्यावर करायचो. चौदा मजले. तो पुढे आणि मी दोन पायऱ्या मागे, जसा काही तो कोसळला तर ऐंशी किलोचा माणूस मी झेलणारच होते. मुलगी एकदा वैतागून तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आई, रिलॅक्स लाह. बाबा काय पार्सल आहे का?"

फ्रान्सची कल्पना त्याची. जुन्या यात्रेकरूंची वाट, गावामागून गाव, रोज वीस-बावीस किलोमीटर. जड सामान गाडीने पुढच्या मुक्कामाला जातं, आपण फक्त चालायचं. कॅफेतली ती सकाळ आमच्या चालण्याच्या तिसऱ्या दिवसाची होती. दगडी कुंपणांमधून जाणारी पायवाट, तांबूस गाई, पाटीच्या दगडाची छपरं. प्रत्येक गावात एक चर्च आणि चर्चपुढे एक चौक, आणि दुपारी सगळं चिडीचूप. झाडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात, ते बघत जायचं. मी प्रत्येक जुन्या दाराचा फोटो काढत होते आणि दोन फोटोंच्या मध्ये त्याच्या ओठांचा रंग तपासत होते.

दुपारी एका खेड्यात, पूर्वी बायका धुणं धुवायच्या त्या दगडी हौदाशी बसून आम्ही पाव खाल्ला. सोबत सिंगापुरातून आणलेली शेंगदाण्याची चटणी. हात झटकून तो म्हणाला, "मी होतो पुढे. तू अर्ध्या तासाने नीघ."

"का? माझ्यामुळे उशीर होतोय?"

"तुझ्या नजरेमुळे. मी बरा आहे गं. पण तू सारखी अशी बघतेस ना, की मलाच वाटायला लागतं मी आजारी आहे. एक दुपार मला एकट्याला चालू दे."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर झालं. तू दोन पावलांवर असून काय करणार आहेस?"

ते मला इतकं लागलं, की मी नुसतं "जा" म्हणाले. आमच्याकडे "जा" असं तुटकपणे म्हटलं की त्याचा अर्थ जाऊ नकोस असा असतो, आणि पंचवीस वर्षांच्या संसारात तो हे पुरतं शिकलाय. तरी गेला. जाताना माझ्या पर्समधली टिश्यूची दोन पाकिटं तेवढी मागून घेतली.

अर्धा तास म्हणे. मी अठराव्या मिनिटाला उठले. फोनला रेंज नव्हती. त्या दुपारच्या फ्रान्सचं मला काही विचारू नका, मी काही पाहिलंच नाही. प्रत्येक वळणावर मला तो आडवा पडलेला दिसायचा, आणि वळण आलं की तिथे एखादी गाय रवंथ करत उभी असायची. मी त्याच्यावर चिडत होते, मग स्वतःवर चिडत होते, मग देवाला विनवत होते. चेस्टनटच्या रानातला उतार मी जवळजवळ पळतच उतरले.

मुक्कामाचं गाव आलं. चौक, चर्च, चर्चच्या भिंतीला लागून लांब दगडी बाक. बाकावर निळ्या फुलांचं टिश्यूचं पाकीट. आमच्या ब्लॉकखालच्या दुकानातलं. माणूस नव्हता.

म्हटलं, इथे पडला असणार, उचलून नेलं असणार. जवळ गेले तेव्हा दिसलं, पाकीट एक नव्हतं. दोन होती, शेजारी शेजारी, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून दोन्हींवर एकेक गोटा ठेवलेला. पडणारा माणूस पाकिटावर गोटे ठेवत बसत नाही.

गल्लीबोळ पालथे घालावेत, त्याच्या नावाने हाका माराव्यात, असं फार वाटत होतं. तशी मी उठलेही एकदा. मग परत फिरले, माझं पाकीट उचलून मांडीवर घेतलं आणि त्या जागेवर बसले. दीड वर्षात मी केलेलं ते सगळ्यात अवघड काम.

दहा मिनिटांनी तो एका बोळातून आला. तोंड उन्हाने लाल, हातात जर्दाळूच्या टार्टचे दोन तुकडे. मला बसलेली बघून थबकला. "शोधायला नाही आलीस?"

"तू जागा धरली होतीस ना," मी म्हणाले. आणि मग मला रडूच फुटलं. इतके दिवस मनात ठेवलेलं शेवटी बोलले, की त्या दिवशी तुझे दोन फोन आले आणि मी एकही उचलला नाही.

तो शेजारी टेकला. टार्ट बाकावर ठेवून म्हणाला, "अगं, दही आणू का विचारायला केला होता."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

खरं, की माझ्यासाठी तिथल्या तिथे रचलेलं, ते मी अजून विचारलेलं नाही. त्याने आपलं पाकीट फोडून मला टिश्यू दिले आणि आम्ही टार्ट खाल्लं.

परवा तो एकटाच जिन्याने चौदा मजले चढून आला. मी घरात भाजी चिरत होते, एकदाही बाहेर डोकावले नाही. दार तेवढं उघडं ठेवलं होतं.