वांदरखोऱ्यातल्या मॅडम

शकुंतला महाजन मॅडम पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी त्यांना चोर समजलो होतो. त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात हे लिहू नये, असं संपादक मंडळींनी सुचवलं. मी लिहिणार. माझा स्वभाव संशयी आहे, आणि तो तसा नसता तर मॅडम मला कळल्याच नसत्या.

निंबोल्याला आमची केळी आहे. शेताच्या कडेनं वांदरखोरं नावाचा कोरडा नाला जातो. एका सकाळी पाहतो तर नाल्यात एक अनोळखी बाई लोखंडी पाईप जमिनीत ठोकत बसलेल्या. बऱ्हाणपुराकडे कुणी खणताना दिसलं, की आमच्या डोक्यात एकच येतं, पुरलेल्या मोहरा! मी धाकट्या भावाला, किसनला, हळूच म्हटलं, "पाणी कुठंतरी मुरतंय." तो तर सरळ ओरडलाच, "ओ बाई, काय खोदून राहिल्या?"

"गाळ घेऊन राहिले, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "वानरं जुन्या काळी कुठं राहत होती, ते बघायचंय."

गाळात वानरं! बाई एकतर वेड्या असाव्यात, नाहीतर पक्क्या बिलंदर, असं मी ठरवून टाकलं. सोमवारी कॉलेजात गेलो, तर वनस्पतिशास्त्राच्या नव्या प्राध्यापिका म्हणून त्याच समोर उभ्या. मी तिथं रसायनशास्त्र शिकवीत असे. माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

त्यांचं काम समजून घ्यायला मला बरीच उलटतपासणी करावी लागली. झाडांचे परागकण उडून गाळात बसतात आणि थराथरात टिकून राहतात. थर जितका खाली तितका जुना. कुठल्या थरात गवताचे कण जास्त आणि कुठल्यात झाडांचे, यावरून त्या काळचं पाऊसमान ओळखता येतं. फार पूर्वी कित्येक पिढ्या पाऊस आटला, तेव्हा जंगल आक्रसलं. पाऊस परतला, तसं पुन्हा पसरलं. "वानर झाडामागं जातं, सर, आणि झाड पाण्यामागं," मॅडम म्हणत. वांदरखोऱ्यात रामाच्या सेनेचा मुक्काम होता, असं गावात सांगतात. त्यावर त्या म्हणाल्या, "नावावर जाऊ नका. नावं मागाहूनही पडतात." हे ऐकून मात्र मला त्या जरा आपल्यातल्या वाटल्या.

नाल्याच्या वरच्या टोकाला, आमच्याच बांधावर, अर्जुन, जांभूळ आणि उंबराची दाट राई आहे. सगळा मुलूख होरपळतो तेव्हाही ती हिरवी असते. कोरड्या युगात वानरं अशाच जागी तग धरून राहिली असतील, असा मॅडमचा कयास. मी सवयीनं म्हणालो, "पाणी कुठंतरी मुरतंय." त्या मनापासून हसल्या. "मुरतंयच, सर. म्हणून तर राई आहे!"

किसनच्या डोळ्यांत मात्र ती राई सलत होती. तिथली वानरं केळीत उतरत, कोवळे घड ओरबाडत, अर्धं खात नि अर्धं फेकून देत. राई तोडायचीच, असं त्यानं पक्कं केलं होतं. मॅडमनी त्याला सांगितलं, खालच्या थरात झाडांचे कण सापडलेत. सगळीकडचं जंगल गेलं तेव्हाही ही राई होती. आज तोडलीत, तर पुन्हा तसे दिवस आल्यावर वानरांनी जायचं कुठं? किसन विरघळला आणि कुऱ्हाड थांबली.

आणि चैत्रातल्या एका भर दुपारी मॅडम डोक्यावर पदर घेऊन बांधावरून चालत आल्या. "किसनभाऊ, मी चुकले. पाईप उपसताना वरचा गाळ खाली घसरला होता. ते कण अलीकडचेच निघाले. माझं म्हणणं धरू नका."

मला असा संताप आला म्हणून सांगू! निंबोल्यात परागकण वाचणारं दुसरं होतं कोण? गप्प बसल्या असत्या तर राई वाचलीच होती की! यात बाईंचा डाव काय, तेच मला कळेना.

किसननं विचारलं, "मंग तोडू का झाडं?"

"ते तुम्ही ठरवा. मला आता माहीत नाही, एवढंच खरं. थांबलात तर पुन्हा खणीन."

किसननं तंबाखू मळून तोंडात टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, जो येतो तो आपलंच घोडं पुढं दामटून राहतो. ह्या बाई तर उन्हातान्हात आपलंच बोलणं वापस घ्यायला आल्या. राहू दे राई."

मॅडमनी पुन्हा खणलं. खालच्या थरात जवळजवळ नुसतं गवतच निघालं. कोरड्या युगात इथं राई नव्हतीच. वानरं वर सातपुड्यात कुठंतरी टिकली असावीत. पाणी परतल्यावर झाडं आली आणि झाडांमागून ती. हेही त्यांनी किसनला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे परत आलेली हायेत. मंग हाकलायचं कसं?" राई आजही उभी आहे. आमच्या विहिरीचं पाणी टिकावं म्हणून त्यानं ती ठेवली, असा मला दाट संशय आहे.

माझ्या पत्नीच्या ऑपरेशनच्या वेळी मॅडम रोज मुगाची खिचडी घेऊन दवाखान्यात येत. तेव्हा कॉलेजात स्टाफची निवडणूक होती. माझं मत हवं असेल, म्हणून मी ती खिचडी जपूनच खाल्ली. नंतर कळलं, त्या उभ्याच नव्हत्या. त्या खिचडीमागचा हेतू मला अजून सापडलेला नाही.

आता मॅडमचे गुडघे कुरकुरतात, तरी त्या नाल्यात उतरतात. परवा उंबरावरून एक वानर त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. "बघा, अगदी तुमच्यासारखं बघतंय," त्या मला म्हणाल्या.

मॅडमना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. यात तुमचा काय स्वार्थ, असं त्या विचारतीलच. आहे, स्वार्थ आहे. वांदरखोऱ्याचा गाळ अजून तळापर्यंत बघून झालेला नाही. आणि 'माझंच खरं' म्हणणारे आमच्या बांधावर रोज येतात. 'माझं चुकलं' म्हणायला उन्हातून चालत आलेलं माणूस मी आजवर एकच पाहिलं आहे.