वाचलेला डबा

आमच्या घरात माणूस उशिरा आला तर चालतं, डबा परत आला नाही तर चालत नाही. आईच्या प्रत्येक स्टीलच्या डब्यावर तिचं नाव कोरलेलं आहे, आणि कोणता डबा कुणाकडे अडकलाय हे तिला तोंडपाठ असतं. शाळेत डबा विसरलो की ती मला भर उन्हात परत पिटाळायची. ही सवय माझ्या हाडीमासी खिळली आहे.

मी समुद्रातल्या एका तेलविहिरीवर इंजिनिअर आहे. पंधरा दिवस तिथे, पंधरा दिवस इंदूरला, विजय नगरच्या फ्लॅटमध्ये. किनाऱ्यावरून पुढे हेलिकॉप्टर. माझ्याबरोबर इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याचे एक फिटर असायचे, वयाने बरेच मोठे. आईच्या बेसनाच्या लाडवांवर त्यांचा भारी जीव. दर खेपेला त्यांच्यासाठी एक डबा निघायचा.

त्या वेळीही आई दारात म्हणाली, "डबा बराबर वापस आण हं. त्यांच्याकडे मागचा पण पडलाय."

हेलिकॉप्टरमध्ये हातात काही ठेवायचं नाही, असा सक्त नियम आहे. पण सामानात लाडू फुटतात, म्हणून मी डबा जॅकेटखाली दडवून न्यायचो आणि बसल्यावर पायाशी ठेवायचो. शहाणपणा, दुसरं काय.

अर्ध्या वाटेवर गिअरबॉक्सचा आवाज बदलला. जन्म यंत्रांत गेलेले फिटर माझ्या आधी सावध झाले आणि त्यांनी माझा पट्टा ओढून पाहिला. पायलटने सांगितलं, पाण्यावर उतरतोय. उतरवलंही त्याने अलगद. तरंगत राहायला दोन्ही बाजूंचे फुगे फुगायला हवे होते. एका बाजूचा अर्धाच फुगला. हेलिकॉप्टर कलायला लागलं.

बाहेर पडायच्या खिडकीजवळ मी होतो, माझ्या आतल्या बाजूला ते. मी निघाल्याशिवाय त्यांना वाट नव्हती. आणि मी वाकलो. डबा सीटखाली सरकला होता. मी तो चाचपडत राहिलो.

"भिया, डब्बा छोड़! निकल!" ते ओरडले आणि त्यांनी मला मागून ढकललं.

मी बाहेर पडलो तेव्हा डबा माझ्या हातात होता. मागे वळलो तोवर लाट आली आणि हेलिकॉप्टर उलटलं. त्यांना बाहेर काढायला फार उशीर झाला.

घरी आल्यावर आई माझ्या गळ्यात पडून रडली. नंतर तो डबा तिने देवापाशी ठेवला. येईल त्याला सांगायची, "पोरगा वाचला, आणि बघा, डबासुद्धा वाचला!" मी मान खाली घालून बसायचो. मला स्वतःची किळस यायची, पण तोंड उघडत नव्हतं.

फिटरांचा तेरावा झाल्यावर आई म्हणाली, त्यांच्या घरी जाऊन येऊ. गौतमपुऱ्यात त्यांच्या पत्नी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "आखिर में कुछ बोले थे क्या?"

खोटं सांगता आलं असतं. तुमचं नाव घेतलं म्हणालो असतो तर त्या बाईला आधार झाला असता. पण आई शेजारी बसली होती, आणि मला ते ओझं आणखी एक दिवसही पेलवलं नसतं. मी सगळं सांगितलं. वाकलो ते, चाचपडलो ते, आणि ते काय ओरडले तेही. आईचा हात माझ्या पाठीवर होता, तो तिने काढून घेतला.

त्या उठून आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मला वाटलं, आता आपण निघावं.

त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात आईचा मागच्या खेपेचा डबा होता, घासूनपुसून लख्ख केलेला. त्यांनी तो माझ्याकडे न बघता आईच्या मांडीवर ठेवला. झाकण उघडलं तर आत शेतातले गहू.

"वो बोलते थे, लौटाना है," त्या म्हणाल्या. "खाली कैसे देती, माँजी."

परतीच्या बसमध्ये आईने डबा दोन्ही हातांनी धरला होता. घरी आल्यावर देवापाशी ठेवलेला डबा तिने उचलला आणि माळ्यावर टाकला. देवापाशी त्याच्या जागी हा दुसरा ठेवला, गव्हांसकट.

आता मी निघतो तेव्हा ती दारात येते आणि माझे हात रिकामे आहेत ना, तेवढं बघते.