जर्मनीचं घड्याळ

मी सोनाजी, वाळूजच्या एका कारखान्यात टाइमकीपर. भोंगा माझ्या हातात, गेटवरची हजेरी माझ्याकडं, अन् दर सोमवारी सगळ्या घड्याळांचे काटे मिळवायचे तेबी मीच. मिनिटाचा फरक निघाला तर मिशी उतरवीन, असं साऱ्या कारखान्याला ऐकवायचो. लई मिजास होती मला.

त्या साली संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर झालं. आमचा कॉम्प्युटरवाला रामकिसन त्या दिवशी रजा टाकून विद्यापीठाच्या गेटवर गेला. तो शाळेत होता तव्हा याच नावापायी गावात त्यांचं घर जाळलं होतं. तो कधी बोलायचा नाय, मला त्याच्या आईनं सांगितलं. मॅनेजर आप्पासाहेबांना मात्र ती रजा खुपली. रामकिसनची नोकरी एप्रिलअखेर पक्की व्हायची होती, अन् घरात कमावता तो एकटाच.

जर्मनीच्या गिऱ्हाइकाशी ई-मेलनं पत्रव्यवहार करायचा, हे त्याचं काम. तव्हा नवलाईच होती ती. समोरच्या भिंतीवर त्यानं एक घड्याळ जर्मनीच्या वेळेला लावलेलं, आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. मार्चअखेरच्या सोमवारी तो ओरडला, "मामा, बघा तरी! पत्र आलंय तिकडच्या एक वाजता, अन् लिहिल्याची वेळ दाखवतंय दोनची!"

"कॉम्प्युटरला उन्हाळा बाधला असंल," म्हणलं, अन् भोंग्याकडं निघून आलो.

पुढचं मला नंतर कळालं. त्यानं तिकडं विचारलं, तर म्हणे उन्हाळ्यात तिथं अख्खा देशच घड्याळ तासभर पुढं करतो. ऐका आता! मग त्यानं ई-मेलच्या प्रोग्रामात साडेचारचे साडेतीन तास केले, भिंतीवरचा काटाबी पुढं सारला.

पुढच्या सोमवारी मी फेरीला गेलो. रामकिसन जेवायला गेलेला. बघतो तर जर्मनीचं घड्याळ तासभर पुढं! कुणी हात लावला म्हणून चरफडलो, अन् काटा मागं आणला. साडेचार तास मला पाठच होते.

बुधवारी मोठ्या कामाचं कोटेशन जर्मनीच्या बाराच्या आत पोचवायचं होतं. आप्पासाहेब शेवटपर्यंत आकडे बदलत राहिले. "अजून वेळ हाय साहेब," रामकिसन भिंतीकडं बघून सांगत होता. भिंतीवर साडेअकरा झाले तव्हा पत्र गेलं. उत्तर आलं, साडेबाराला मिळालं, मुदत संपली.

आप्पासाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "मी घड्याळ पुढं केलं होतं, साहेब," रामकिसन म्हणाला.

"मग मागं कुणी केलं? भुतानं? मोर्च्यात घोषणा देणं सोपं असतं. उद्यापासून येऊ नको."

मी दाराशीच उभा होतो. 'मी केलं' एवढंच म्हणायचं होतं. पण माझी रिटायरमेंट दोन वर्षांवर आलेली, अन् इतक्या लोकांपुढं माझी चूक? मी तसाच भोंग्याकडं निघालो. लाज वाटते सांगायला.

संध्याकाळी रामकिसन हजेरीचं कार्ड द्यायला गेटवर आला.

"सोमवारी घड्याळं तुम्हीच मिळवता ना, मामा?"

"व्हय."

"मग आत का नाय बोललात?"

मी मान खाली घालून रजिस्टर उघडलं. त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं.

"निदान माझी जायची वेळ तरी बरोबर लिहा," तो म्हणाला.