बायकांतलं गाणं

चीज आणि वाईन यांचा एकत्र वास आला की मला आजही किळस येते. इथे कुठल्याही समारंभाला जा, तो वास असतोच, त्यामुळे पंचाईत होते. नवरा म्हणतो, तू उगाच नाक मुरडतेस. मुरडते खरी, पण उगाच नाही.

२००३ साली आम्ही अमेरिकेतल्या ट्रॉय गावात राहत होतो. नवरा मोटारींच्या कंपनीत होता. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. म्हणून मी जवळच्या युनिव्हर्सिटीत स्त्री-अभ्यासाचा एक कोर्स घेतला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी बायकांचं संगीत हा विषय. शिकवणाऱ्या बाई तिथे राहून आल्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्या बायका मुलींना पुरुषांपासून दूर नेऊन गाणी कशी शिकवतात, त्यातूनच जमीन आणि नाती कशी शिकवतात, हे त्या फार सुंदर सांगायच्या. एकदा त्यांनी एक टेप वर धरली आणि म्हणाल्या, "ही मी तुम्हाला ऐकवणार नाही. ही फक्त बायकांची आहे, आणि वर्गात मुलगे बसलेत. पूर्वीच्या संशोधकांनी अशी गाणी सभागृहांत वाजवली, ते पाप अजून आपल्या माथ्यावर आहे." आणि टेप खोक्यात परत ठेवली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वर्गात हात वर केला आणि सांगितलं, आमच्याकडेही अशी गाणी आहेत. मुलीला पहिल्यांदा न्हाण आलं, म्हणजे पाळी आली, की तिला मखरात बसवून, दार लावून बायका म्हणायच्या. बाईंचे डोळे चमकले. "कुणाला येतात ती?" त्यांनी विचारलं.

माझ्या आईला येत होती. ती तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिची गाणी टेप करून आण, असं बाईंनी मला सांगितलं. कोल्हापूरकडच्या खेड्यात वाढलेली. मला न्हाण आलं तेव्हा आम्ही दोन खोल्यांत राहायचो, बाबा सतत घरात, त्यामुळे माझ्या वाट्याला गाणी आलीच नव्हती. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिने जावयाला भाजी आणायला पिटाळलं, मला बेसमेंटमधल्या कपडे धुवायच्या खोलीत नेलं आणि कडी लावली.

"बायकांतलं आहे हे," ती म्हणाली. "गडीमाणसाच्या कानावर नाही गेलं पाहिजे. बघ हं."

"नाही जाणार," मी म्हटलं.

मग ती गायली. त्यात अंगाची नावं होती, रात्रीचं काय असतं ते होतं, सासूची टिंगल होती आणि नवऱ्याला नाही कसं म्हणायचं तेही होतं. मध्येच तोंडाला पदर लावून ती इतकी हसली, की पुढची ओळ तिला दोनदा म्हणावी लागली. माझी आई असं हसते हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं.

वसंतात डिपार्टमेंटचा समारंभ होता. बाईंनी आईलाही बोलावलं. ती ठेवणीतली इरकल नेसून आली. चीजच्या ताटल्या, वाईनचे ग्लास, कोपऱ्याकोपऱ्यात गंभीर चेहऱ्यांचे प्रोफेसर. बाईंनी दिवे मंद केले आणि आईचा आवाज सुरू झाला. ते हसणंसुद्धा. पडद्यावर मी केलेलं इंग्रजी भाषांतर ओळीओळीने येत होतं. एक टकलू गृहस्थ डोळे मिटून मान डोलवत होता. माझा नवरा हातात कागदी प्लेट घेऊन पडद्याकडे बघत होता, मग छताकडे बघायला लागला. आईने पदर डोक्यावर ओढला आणि नजर जी गालिच्यात रुतवली ती काढलीच नाही. शेवटी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणतात?" तिने मला विचारलं.

"छान म्हणतात," मी म्हटलं.

गाडीत नवरा म्हणाला, "आई, मस्त झालं हं." बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नसावं. घरी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असताना आई हळूच म्हणाली, "जावयांना मराठी कळतंच की गं. तुझ्या बाईंना सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं. विसरल्या त्या."

"मोठ्या माणसांचं होतं तसं," आई म्हणाली आणि भांडी आवरायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत बाईंच्या ऑफिसात गेले. त्यांना आश्चर्यच वाटलं. "पण किती पॉवरफुल झालं! आणि तुमच्याकडे हे तितकं सेक्रेड नाही ना?" म्हणजे तिकडच्या बायकांचं ते पवित्र, आणि माझ्या आईचं नुसतं रंगीत. मला त्या मऊ आवाजाची, टेबलावरच्या हर्बल चहाची, सगळ्याची शिसारी आली. मग त्यांनी फाइलमधून संमतिपत्र काढलं. त्यावर तीन चौकोन होते. तिसरा, सार्वजनिक कार्यक्रमात वाजवायला हरकत नाही असा. त्यात बरोबरची खूण होती. खाली आईची मराठी सही.

खूण मी केली होती. मला मास्टर्सच्या प्रवेशासाठी बाईंचं शिफारसपत्र हवं होतं, आणि तिसरा चौकोन रिकामा ठेवला तर त्या हिरमुसतील असं वाटलं होतं. सही करताना आईने विचारलं होतं, "काय लिहिलंय?" मी सांगितलं, "तुझी गाणी नीट सांभाळून ठेवणार, असं."

पत्र मिळालं. प्रवेशही मिळाला. ते पत्र मी नाकारलं नाही. बाईंना मी अजून मनातल्या मनात शिव्या घालते, पण त्यांनी निदान माझ्या आईला शब्द दिला नव्हता.

आईने तो विषय पुन्हा काढला नाही. तिला किती कळलं होतं, मला माहीत नाही.

२००८ मध्ये माझ्या मुलीला पाळी आली. मी कोल्हापूरला फोन लावला. आई खूश झाली, मग म्हणाली, "घरात कोण कोण आहे?"

"आम्ही दोघी वर आहोत. हा खाली टीव्ही बघतोय."

"फोन तिच्याकडे दे."

मी स्पीकर लावला.

"स्पीकर बंद कर," आई म्हणाली. "आणि तूपण खाली जा. दार लावून घे."

मी फोन मुलीच्या हातात दिला आणि बाहेर आले. आतून ती ओरडली, "मॉम, आजी सेज प्रॉपर्ली!" मी दार नीट लावलं. जिना उतरेपर्यंत पोरीचं हसणं ऐकू आलं, पुढचं काही नाही.

"काय चाललंय वर?" नवऱ्याने विचारलं.

"बायकांतलं आहे," मी म्हटलं आणि त्याच्या शेजारी बसले.