'आपण' की 'आम्ही'

धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात मास्तरकी शिकत होतो तेव्हा व्याकरणात मला कुणी हरवू शकणार नाही, असं माझं ठाम मत होतं. ते मी कुणी विचारलं नाही तरी ऐकवायचो.

शेवटच्या वर्षी गुरुजींनी एकेक गाजलेलं भाषण परीक्षणासाठी वाटून दिलं. आमच्या वाट्याला आलं ते गावच्या पाणवठ्यावर सर्वांना पाणी भरू देण्याच्या हक्काचं. ती पुस्तिका तेव्हा खानदेशात हातोहात फिरत होती. काही घरांत मोठ्याने वाचली जाई, काही घरांत उशीखाली दडवलेली असे. 'आमच्या' म्हणजे माझ्या आणि शिरपूरकडच्या एका सोबत्याच्या. तो महारवाड्यातून आलेला, वर्गात दाराजवळ बसवलेला. परीक्षण दोघांनी मिळून लिहायचं आणि मी ते इन्स्पेक्टर साहेबांपुढे वाचायचं, असं ठरलं. सोबत्याला पास होणं भागच होतं. त्याची शिष्यवृत्ती संपत आली होती, आणि त्याला दुसऱ्यांदा परीक्षेला बसवायची घरच्यांची ऐपत नव्हती.

पांझरेच्या काठी बसून आम्ही पुस्तिका दोनदा वाचली. भाषणाची बांधणी मला फार आवडली. लहान वाक्यं, शिवीगाळ नाही, रडगाणं नाही, आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी ऐकणाऱ्यालाच विचारलेला एक साधा प्रश्न. एकच गोष्ट खटकली. वक्ता सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'आम्ही' म्हणतो. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी झोकात लिहिलं की वक्त्याने 'आपण' म्हटले असते तर भाषण अधिक हृदयस्पर्शी झाले असते.

सोबत्याने कागद ओढून ते वाक्य पुन्हा वाचलं.

"भाऊ, आपण कधय एक पंगतमा बसनूत का?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"मंग तो बठ्ठास्ले, सगळास्ले 'आपण' कसा म्हनी? ते वाक्य खोडी टाक."

माझं डोकं फिरलं. मला व्याकरण शिकवतोस का, असं मी ताडकन बोलून गेलो आणि वाक्य तसंच ठेवलं. तो मुकाट्याने ऐकून घेणार, असं मी गृहीत धरलं, याची मला आजही लाज वाटते.

परीक्षेच्या दिवशी मी खणखणीत आवाजात 'आमच्या मते' अशी सुरुवात केली. त्या वाक्यापर्यंत आलो, तोच तो दाराजवळून उठला.

"साहेब," तो शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाला, "हे मत यांचं आहे, माझं नाही. वक्त्याला बाहेर उभं केलंय, म्हणून तो 'आम्ही' म्हणतो. 'आपण' गोड वाटलं असतं, पण ते खोटं ठरलं असतं."

गुरुजींचा चेहरा पडला. इन्स्पेक्टर साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, "गुण दोघांना एकच द्यायचेत. कोणाचं मत धरू?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, तो मात्र जमिनीकडे. नापास झाला तर त्याला घरी परतावं लागेल, हे मला माहीत होतं. चूक कुणाची हेही एव्हाना कळून चुकलं होतं.

"त्याचं धरा," मी म्हणालो. "माझं चुकलं."

एवढे चार शब्द बोलल्याचं कौतुक मी पुढे आठवडाभर मनातल्या मनात करत होतो.

निकालाच्या दिवशी दोघांचीही नावं फळ्यावर होती. शेजारीच नेमणुकांचा कागद डकवला होता. मला पाचोऱ्याची मोठी शाळा. त्याला नरडाण्याजवळच्या एका खेड्यात, फक्त महारवाड्यातल्या मुलांसाठी चालवलेली शाळा. मी आनंदाच्या भरात तो कागद नीट वाचलाच नाही. धावत जाऊन सोबत्याचा हात धरला आणि म्हणालो, "आपण पास झालो."

त्याने हात सोडवला नाही. उलट चांगला घट्ट धरला.

"तू पास व्हयना, भाऊ. मी बी पास व्हयनू," तो म्हणाला, आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या दोन शाळांच्या नावांवर ठेवलं. "'आपण' व्हवाले आजून येळ शे."